उजवं-डावं राहू द्या, वर-खाली बोला

माणूस राजकारणात उजवा का होतो आणि डावा का होतो, याचं उत्तर म्हणे त्याच्या मनाच्या घडणीत आहे. उजवा माणूस भित्रा, शिस्तीचा, सोवळ्याचा, परक्याला बिचकणारा. डावा माणूस मोकळा, नव्याला भिडणारा, दुसऱ्याचं दुःख चटकन कळणारा. हल्ली आपल्याकडचे शहाणे लोक हे व्याख्यानात सांगतात, चहाच्या टेबलावर सांगतात, आणि मोठ्या समाधानानं सांगतात. समाधान असणारच. सांगणारा बहुतेक वेळा डावीकडचा असतो आणि या वाटणीत चांगलं मन नेमकं त्याच्याच वाट्याला आलेलं असतं.

आम्ही गावकुसाबाहेरची माणसं हा हिशेब तपासायला बसलोय. कारण ज्या दोन मनांची ही वाटणी चाललीय, त्या दोन्ही मनांचा मार आमच्या पाठीवर आहे.

आधी त्यांचं म्हणणं सरळ मांडू. समोरच्याचं बोलणं वाकडं करायचं आणि मग झोडपायचं, ही पोथीवाल्यांची रीत. आपली नव्हे.

१९५० साली अमेरिकेत 'द अथॉरिटेरियन पर्सनॅलिटी' हा जाडजूड ग्रंथ निघाला. अडोर्नो, फ्रेंकेल-ब्रुन्स्विक, लेव्हिन्सन आणि सॅनफोर्ड हे चौघे लेखक. यातले पहिले दोघे नाझींच्या राज्यातून परागंदा झालेले. युरोपात लाखो ज्यूंची कत्तल होऊन पाच वर्षं झाली होती. चांगल्या घरातला, देवाधर्माचा, पोराबाळांवर माया करणारा माणूस आपल्या शेजाऱ्याला मरणाच्या छावणीत कसा ढकलतो, हा त्यांचा सवाल होता. सवाल शंभर टक्के खरा. आमच्या गावागावात तोच सवाल उभा आहे. उत्तर त्यांनी काढलं ते असं, की बापाच्या धाकात वाढलेल्या पोराच्या मनात एक गाठ बसते. मग तो जन्मभर वरच्यापुढं वाकतो आणि खालच्याला लाथ घालतो. ही गाठ मोजायला त्यांनी विधानांची यादी केली. तिचं नाव एफ-मोजपट्टी. एफ म्हणजे फॅसिझम.

पट्टीतली खोट लवकर उघडी पडली. सगळी विधानं एकाच बाजूची. 'हो' म्हटलं की गुण चढणार. म्हणजे साहेबापुढं 'व्हय जी, व्हय जी' करायची ज्याला पिढ्यान्‌पिढ्या सवय लावली, तो गरीब माणूस हुकूमशाही वृत्तीचा ठरणार. आणि दर वाक्याला 'पण' जोडायला शिकलेला प्राध्यापक मोकळ्या मनाचा ठरणार! पुढं १९८१ मध्ये कॅनडाच्या बॉब अल्टेमायरनं उलट बाजूची विधानं घालून नवी पट्टी केली. २००३ मध्ये जॉस्ट आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी १२ देशांतले ८८ नमुने एकत्र केले आणि सांगितलं, की मरणाची भीती, अनिश्चिततेचा जाच, सगळं जागच्या जागी असावं ही गरज, या गोष्टी उजव्या मताशी जोडलेल्या दिसतात. २००९ मध्ये आणखी एक अभ्यास आला: उजव्यांना किळस लवकर येते. २०११ मध्ये लंडनच्या ९० विद्यार्थ्यांच्या मेंदूचे फोटो काढले आणि भीतीशी जोडलेला भाग उजव्यांत मोठा सापडला, असं जाहीर झालं.

मग काय, चंगळ. मन सोडा, मेंदूच वेगळा निघाला!

पुढची कहाणी मात्र व्याख्यानात कुणी सांगत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग गाजला होता. भयानक चित्रं पाहून उजवे जास्त दचकतात, असा. माणसं किती होती? ४६. २०२० मध्ये दुसऱ्यांनी जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग केला, तर तो निष्कर्ष मिळाला नाही. लंडनचा मेंदूही २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या नऊशेवर माणसांवर तपासला गेला. भीतीच्या भागाचा फरक होता त्याहून कितीतरी बारीक झाला आणि दुसऱ्या एका भागाचा जो फरक सांगितला होता, तो सापडलाच नाही. सगळ्यात मोठी गंमत २०१२ च्या एका अभ्यासाची. त्यात उजव्यांच्या स्वभावात कठोरपणा जास्त आणि डाव्यांत कमी, अशा अर्थाचं काही छापलं होतं. २०१६ मध्ये त्याच मासिकाला दुरुस्ती छापावी लागली: आकड्यांची खूणच उलटी लागली होती, जे उजव्यांचं म्हणून सांगितलं ते डाव्यांचं होतं. चार वर्षं उलटा आकडा बाजारात फिरला. का फिरला? वाचणाऱ्याला तो गोड लागत होता म्हणून.

तरीही आमचं भांडण आकड्यांशी नाही. उद्या सगळे आकडे पक्के निघाले तरी भांडण उरतंच. आमचं भांडण किळसेशी आहे.

०००

या सगळ्या अभ्यासांत किळस ही फार मानाची पाहुणी आहे. तिची मोजपट्टी १९९४ पासून आहे. त्यात एक मासला असा आहे, की माशा मारायची जाळी चांगली धुऊन घेतली आणि तिनं तुमच्या आवडीचं सूप ढवळलं, तर प्याल का? बरेच लोक नाही म्हणतात. जाळी स्वच्छ आहे हे कळतं, पण घशाखाली उतरत नाही.

दोस्तहो, हे वाचून तुम्हांला कुणाची आठवण झाली? अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून पाणवठ्यावर गेलेल्या आपल्या आज्याची झाली की नाही? कितीही धुतला तरी तो जाळीच राहिला. पण जाळीनं माशा तरी मारल्या होत्या. आज्यानं काय केलं होतं? गावाची मेलेली ढोरं ओढली होती. ती ढोरं ज्यांची होती, त्यांचा हात बाटला नाही. दूध काढलं तोवर गाय त्यांची आणि मेली की आमची!

ही किळस स्वभावाची आहे म्हणता? मग ती ढोराच्या मालकाला का चिकटली नाही?

याच किळसेचा एक थोर अभ्यासक आहे, जोनाथन हाइट. १९९३ मध्ये तो तीन महिने भुवनेश्वरला राहिला. रिचर्ड श्वेडर त्या देवळांच्या गावात त्याच्या आधीपासून काम करत होते. श्वेडर आणि सहकाऱ्यांच्या १९८७ च्या अभ्यासात ब्राह्मणांना विचारलं होतं आणि अस्पृश्यांनाही विचारलं होतं, हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवू. हाइटनं २०१२ च्या 'द राइचस माइंड' या पुस्तकात लिहिलंय, की यजमानांच्या घरी तो पुरुषांबरोबर जेवायचा, बायका मुकाट्यानं वाढून आत जायच्या. आधी त्याला हे खुपलं. मग यजमानांच्या मायेमुळं त्यांची नीती आतून कळू लागली. त्यातून त्याचा सिद्धान्त पक्का झाला. नीतीचे पाया अनेक: काळजी, न्याय, निष्ठा, अधिकार, पावित्र्य, पुढं त्यात स्वातंत्र्यही घातलं. जिभेला जशा वेगवेगळ्या चवी कळतात तसं. डाव्यांना यातल्या दोन-तीनच चवी कळतात, उजव्यांना सगळ्या.

वा रे जीभ! हाइटसाहेब, पाहुणचार घेतलात, ठीक. पण त्या घरचा संडास साफ करणारा कुठल्या दारानं येत होता, हे यजमानाला विचारलं होतं का? पावित्र्य ही चव कशी होईल? पावित्र्याला पत्ता लागतो. कुणालातरी गावाबाहेर अपवित्र म्हणून ठेवावं लागतं, तेव्हा गावात कुणीतरी पवित्र होतं. ज्याच्या नावावर हे पावित्र्य उभं राहिलं, त्याच्या बाजूनं बघितलं तर तो नीतीचा पाया दिसत नाही. छातीवरचा धोंडा दिसतो. आणि विद्वान म्हणतात, दोन्ही बाजूंनी एकमेकांना समजून घ्या. धोंड्यानं आणि छातीनं एकमेकांना काय समजून घ्यायचं?

महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. मुंबई कायदेमंडळाचा बोले ठराव १९२३ चा, तळं खुलं करण्याचा महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. कायदा आमच्या बाजूनं. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, परधर्माचे लोक पाणी भरत होते. आम्ही प्यालो आणि तळं बाटलं. मग १०८ घागरी दूध, दही, शेण, गोमूत्र ओतून ते शुद्ध केलं! शेणानं ज्याची किळस जाते त्याला किळस म्हणायचं? ही मालकीची खूण आहे. तळं कुणाचं हे सांगायची ती भाषा आहे. किळस पोटातून येत असती तर शेणाच्या घागरीनं आधी उलटी झाली असती.

०००

यावर कुणी म्हणेल, ही तर सनातन्यांची कथा झाली. उजव्यांचंच मन. बरं, चला लाल बावट्याखाली.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप झाला. लाखावर कामगार सहा महिने उपाशी लढले. थोर लढा, त्याला सलाम. पण त्याच गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. पगार तिथं जास्त. का नव्हता? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. त्या धाग्याला महाराची थुंकी लागेल आणि मग सवर्ण कामगाराचं तोंड बाटेल! मालकाविरुद्ध मूठ वळणारा, साम्राज्यशाहीच्या नावानं घोषणा देणारा, तुरुंगात जाणारा कामगार. पण धागा आला की तोंड मिटलं. बाबासाहेबांनी सांगितलं, की हे खातं आमच्यासाठी खुलं करा ही मागणी संपाच्या यादीत घाला. पुढाऱ्यांनी ती घातली, पण नाखुषीनं.

आता सांगा, या कामगाराचं मन उजवं की डावं? मोजपट्टी घेऊन जा त्याच्याकडं. समता हवी का? हवी. श्रीमंतांची सत्ता जावी का? जावी. नवं जग यावं का? यावं. सगळ्या प्रश्नांत तो डावा निघेल. एकच प्रश्न त्या पट्टीत नाही, धोट्याचा. आणि आमचं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नावर अडलेलं.

त्याच मुंबईत ७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. दहा वर्षांत मजुरांचा स्वभाव बदलला होता का? स्वभाव तोच. आता आमची स्वतःची संघटना होती आणि तिला टाळून संप होणार नव्हता. मन बदलायची वाट आम्ही बघितली असती तर अजून धोट्यापाशीच उभे असतो.

पुढं चला, मराठवाड्यात. २७ जुलै १९७८. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ठराव झाला, की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. सगळ्या पक्षांचे हात वर. आणि काही दिवसांत वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ४ ऑगस्टला पोचीराम कांबळे यांना मारलं. नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडली, आणि तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. सोळा वर्षं! या सोळा वर्षांत विरोधात कोण होतं? हिंदुत्ववाले होते, ते अपेक्षितच. पण निजामाशी झुंजलेले, डाव्या विचारांचे म्हणून ओळखले जाणारे गोविंदभाई श्रॉफही विरोधात होते. आणि बाजूनं कोण होतं? समाजवादी एस. एम. जोशी होते, बाबा आढाव होते. एकाच गोतावळ्यातली माणसं, एकच पुस्तकं वाचलेली, एकाच तुरुंगात गेलेली. मेंदूचा फोटो काढून यातला कोण आमच्या बाजूला येईल हे सांगता आलं असतं का? गावचा वाडा, गावची जमीन, बँका, कॉलेजं, मतं कुणाच्या हातात आहेत आणि आपण त्यांना दुखवायला तयार आहोत का, एवढ्यावर तो निवाडा झाला.

आपल्या घरातही बघा. १९७२ मध्ये पँथर निघाली, १९७४ मध्ये मार्क्स की बुद्ध यावर फुटली. नामदेव ढसाळ डावीकडचे म्हणून गाजले, पुढं शिवसेनेच्या जवळ गेले. २०११ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा एक गट थेट शिवसेना-भाजपबरोबर गेला. यांचे मेंदू मधल्या काळात आकसले की फुगले? काहीही झालं नाही. मोडक्या घराला जो टेकू देईल त्याच्याकडं माणूस गेला. त्यावर रागवा, मीही रागावतो. पण त्याला स्वभावाचा आजार म्हणू नका.

०००

मग मनाचा काही संबंधच नाही? आहे. बाबासाहेबांनीच तर सांगितलं, की जात ही विटामातीची भिंत नाही, ती मनातली गोष्ट आहे. पण ते कुठं थांबले नाहीत ते बघा. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. मंडळ सुधारकांचं. जात मोडायला निघालेली माणसं. भाषण छापून गेलं आणि सुधारकांना घाम फुटला. वेदशास्त्रांवरचा हल्ला काढा म्हणाले. बाबासाहेब म्हणाले, स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली आणि त्यांनी स्वतःच्या खर्चानं १५०० प्रती छापल्या. त्या भाषणातलं निदान असं आहे: जात पाळणारा माणूस स्वभावानं दुष्ट किंवा वेडा नाही. तो धर्माचं ऐकतो. दोष त्याला ते शिकवणाऱ्या शास्त्रांचा आहे, तेव्हा त्यांचं पावित्र्य मोडा.

हे निदान आणि मेंदूचं निदान एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मेंदूवाले म्हणतात, माणूस असा असतो म्हणून राजकारण असं होतं. बाबासाहेब म्हणतात, माणूस असा केला जातो, आणि केलेलं मोडता येतं. त्यांनी श्रेणीबद्ध विषमता सांगितली. जिना आहे हा. वर चढत जाल तसा मान, खाली उतराल तशी तुच्छता. प्रत्येकाला डोक्यावर एक पाय आणि पायाखाली एक डोकं. म्हणून खालून दुसरा माणूसही जिना पाडायला कचरतो, त्याच्याही खाली कुणीतरी आहे ना! आपल्या वस्तीत मातंगाच्या घरच्या पाहुण्याला ताट कुठं मांडतात, सोयरीक कुठं थांबते, हे विचारा एकदा. उजवं-डावं हे या जिन्याच्या एकेका पायरीवरचं भांडण आहे. एकाच पायरीवर उजव्या हाताला कोण आणि डाव्या हाताला कोण. जिना तसाच.

०००

या मनाच्या नादानं आमचा जीव जातो, म्हणून एवढं लिहितोय. ही नुसती विद्वानांची करमणूक असती तर कागद आणि शाई वाया घालवली नसती.

अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यातल्या एका कडक कलमात शब्द असे होते, की गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे या कारणावरून झालेला असला पाहिजे. म्हणजे कारण सिद्ध करा. आरोपीच्या मनात शिरा आणि तिथं जात दाखवा. दाखवली नाही तर? जमिनीचं भांडण होतं, जुनं वैर होतं, सूड होता. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका घरातली चार माणसं गावानं मारली. खटला चालला, शिक्षाही झाल्या. पण अत्याचाराचा कायदा लागला नाही. सूड म्हणे! अरे, त्या सुडाला हिंमत कुठून आली? चार माणसं भर वस्तीत मारली तर आपलं काही वाकडं होणार नाही, हा भरवसा कुठल्या मेंदूच्या गाठीत असतो? तो जिन्यात असतो. दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली: आता पीडिताची जात ठाऊक असताना गुन्हा केला, एवढं पुरतं. मनाचा शोध थोडा कमी झाला, ते आपल्या लढ्यानं झालं.

मानसशास्त्राचं हे नवं सोवळं याच वाटेनं परत येणार. एका बाजूला मारणाऱ्याला सूट: बिचाऱ्याची घडणच तशी, भित्रा आहे, त्याला समजून घ्या. दुसऱ्या बाजूला डाव्याला दाखला: आमचं मन मोकळं, आम्ही त्यातले नाही. दोघंही सुटले. अडकलो आम्ही.

तेव्हा सवर्ण डाव्या मित्रांनो, तुमच्या मनाची तपासणी आम्हांला नको. आमची पट्टी साधी आहे. २०११-१२ मध्ये देशातल्या चाळीस हजारांवर घरांत मानव विकास सर्वेक्षणवाल्यांनी विचारलं, घरात अस्पृश्यता पाळता का? नाही म्हणणाऱ्याला पुढं विचारलं, अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, तुमची भांडी वापरली, तर चालेल का? २७ टक्के घरांनी पाळतो असं कबूल केलं, ब्राह्मण घरांत ५२ टक्क्यांनी. ही कबुली देणारे. न देणारे मोजलेलेच नाहीत. त्या माणसांना मत कुणाला देता हे विचारून काही कळलं नसतं. चुलीजवळ गेल्यावर कळलं.

आम्हीही चुलीजवळूनच विचारणार. तुमच्या युनियनचा सेक्रेटरी कोण? तुमच्या मासिकाच्या संपादक मंडळात आडनावं कुठली? घर भाड्यानं देताना आडनाव कितव्या वाक्यात विचारता? पोरीनं आमच्या पोराचं नाव घेतलं तर मार्क्स किती वेळ घरात थांबतो? वस्ती जळाली तर पंचनाम्याला साक्षीला उभे राहता की सभेला?

आणि भावांनो, बहिणींनो, आपण तरी कुणाचं मन चांगलं आहे म्हणून त्याच्या मागं जाऊ नका आणि कुणाचं वाईट आहे म्हणून नुसतं हळहळत बसू नका. गावातल्या पाणवठ्याची, स्मशानाच्या रस्त्याची, गायरानाच्या पट्ट्याची यादी करा. कोण अडवतो त्याचं नाव लिहा, पक्ष लिहा, जात लिहा. पोलीस ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर त्याची तारीख लिहा. वर्षभरानं ती यादी घेऊन बसू. त्यात उजवे किती आणि डावे किती हे तेव्हा आपल्याच आकड्यांतून कळेल, आणि ती पट्टी कुणाला उलटी लावता येणार नाही.

जयभीम.